पिठाच्या डब्यातली चिठ्ठी

पहिली चिठ्ठी मला ज्वारीच्या पिठाच्या डब्यात सापडली. मी पिठाच्या डब्यात हात कशाला घालत होतो, असं तुम्ही विचाराल. माझी बायको तुळजाबाई नांदेडला भावाकडं गेली होती आणि मला एकट्याला धपाटे करून खायची हुक्की आली होती. झाकणाला आतून चिकटपट्टीनं बोटभर कागद लावलेला. त्यावर निळ्या पेनानं लिहिलेलं, ला फारीन.

धपाटे राहिले बाजूला. कागद मी सोडवला नाही. झाकण होतं तसं लावलं आणि हात धुतले. पुरावा जागेवर राहू द्यायचा असतो, आरोपीला कळू द्यायचं नसतं. माझी जुनी सवय हाय ती.

मी शेषेराव. मुरुडला शाळेवर बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, मुख्याध्यापक म्हणून सुटलो, आता लातुरात घर बांधून राहतो. पण इतिहासाचा मास्तर म्हणून मला कोण ओळखत नाही. लोक ओळखतात ते दहावीच्या परीक्षेतल्या भरारी पथकाचा शेषेराव म्हणून. माझी जीप केंद्राच्या फाटकात शिरली की खिडक्यांतून चिठ्ठ्या बाहेर पडायच्या. मोज्यात, घड्याळाच्या पट्ट्याखाली, पाण्याच्या बाटलीवरच्या कागदामागं, एकदा तर डब्यातल्या भाकरीच्या दोन पापुद्र्यांमधी, अशा सगळीकडून मी चिठ्ठ्या काढल्यात. प्रत्येक चिठ्ठी बोर्डाला पाठवायच्या आधी तिची झेरॉक्स काढून माझ्या स्वतःच्या फाइलीला लावायचो. दोनशे बारा प्रकरणं झाली. फाइल अजून कपाटात हाय.

त्या धंद्यात मला एक पक्कं कळलं होतं, चिठ्ठी कधी एकटी नसते.

तुळजाबाई नांदेडहून आली. मी नुसता बघत राहिलो. ती दूध आणायला गेली की मी स्वयंपाकघरात शिरायचो. मिठाच्या बरणीच्या बुडाला, ल सेल. तांदळाच्या डब्यात, ल री. हळदीच्या डबीत, कुर्क्युमा. माझ्या खुर्चीच्या पाठीमागं खालच्या अंगाला, ला शेझ. तुरीच्या डाळीच्या डब्यात तर नुसता कोरा कागद चिकटवलेला. कोरा कागद जास्त वाईट. लिंबाच्या रसानं लिहून दिव्यावर धरून वाचायची युक्ती पोरांनी आमच्यावर करून बघितलेली होती. मी तो कागद गॅसवर धरला. कोपरा जळाला, अक्षर काही निघालं नाही.

मग मी तिच्याकडं नीट बघायला लागलो. भाकरी थापताना तिचे ओठ हलायचे. पदराखालून कानात वायर गेलेली असायची. कुकरची पहिली शिट्टी झाली की म्हणायची, अं. दुसरीला म्हणायची, द्यो. तिसऱ्या शिट्टीला त्र्वा, आणि गॅस बंद.

"काय पुटपुटून राहिलीस?" मी विचारलं.

"देवाचं," ती म्हणली.

"कुठल्या देवाचं?"

"सगळ्याच देवांचं," असं म्हणून तिनं माझ्यापुढं ताट सरकवलं. बाई सातवी शिकलेली, पण उत्तर द्यायला कधी कमी पडली नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कुण्या बाबा-बुवाच्या नादी लागली का? फोनवरून माणसाला घरातच कोंडून ठेवणाऱ्या चोरांच्या बातम्या रोज पेपरात येऊन राहिल्यात, त्यातलं काही असेल का? एकदा तिचा फोन हातात घेतला तर त्याला कुलूप. आमच्या घरात कपाटाला कुलूप नाही आणि हिच्या फोनला कुलूप. मग आणखी एक वाईट संशय आला. बासष्ट वर्षांच्या बायकोवर तसला संशय घ्यायची मला लाज वाटली. पण घेतला. खोटं कशाला बोलू?

घरात आम्ही दोघंच. एक मुलगी हाय, आरती. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी बैठकीतल्या फ्रेमबद्दल सांगावं लागतं. त्या फ्रेममधी पेपरचं कात्रण हाय, एकवीस वर्षांपूर्वीचं, पिवळं पडलेलं. मथळा हाय, 'पथकप्रमुखाने पकडली स्वतःचीच मुलगी'. मुरुडजवळच्या एका केंद्राकडं आमचं पथक ऐनवेळी वळलं आणि आरती नेमकी तिथं दहावीचा इतिहासाचा पेपर देत होती. तिच्या कंपासपेटीत चिठ्ठी निघाली. सोबतचे दोघं म्हणले, सर, लेकरू हाय, जाऊ द्या. मी म्हणलं, नियम म्हणजे नियम. मीच तिचं नाव लिहिलं, मीच सही केली. तिचा निकाल रद्द झाला आणि पुढच्या परीक्षेलाही बसायची बंदी आली. मला मात्र शाल, श्रीफळ आणि ही बातमी मिळाली. आरती मामाकडं, भागवतकडं नांदेडला गेली. तिथंच पुढं दहावी झाली, नर्सिंग केलं आणि मग कॅनडात गेली. मी एकच म्हणलं होतं, माफी माग आणि घरी ये, दार उघडं हाय. तिनं माफी मागितली नाही. एकवीस वर्षांत ती या घरात आली नाही की माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिनं तिथल्याच कुणाशी तरी लग्न केलं, हे मला भागवतकडून कळलं. आपलीच पोरगी, पण हट्टाला पेटली तर बापाला काय करता येतं? असं मी लोकांना सांगायचो.

तर तुळजाबाई. रोज दुपारी दोनला ती तीन घरं सोडून जाहिदाकडं जायची. जाहिदा ब्लाउज शिवते, तिचं घराणं तीन पिढ्या शिवणकामातच हाय. बायकांचं बसणं-उठणं असतं, मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. पण आता वाटायला लागलं. एका दुपारी मी भिंतीच्या कडेनं जाऊन जाहिदाच्या खिडकीखाली उभा राहिलो. आत शिलाई मशीन बंद होतं. एक बाप्या सावकाश काहीतरी बोलत होता, न मराठी, न हिंदी, न कानडी. तो एक वाक्य बोलायचा आणि माझी बायको तेच वाक्य त्याच्या मागून म्हणायची. मधीच जाहिदा हसली. मला खोकला आला.

आवाज लगेच बंद पडला. बाहेर खोकला झाला की आतलं बोलणं थांबतं, तेव्हा आत काहीतरी चालू असतं. केंद्रावर आम्ही एवढ्यावरच वर्ग ओळखायचो.

जाहिदा दारात आली. "क्या गुरुजी, धूप में खडे? आओ, चाय पिओ."

"तुळजाबाई काय करून राहिली आत?"

"अक्का ब्लाउज का माप देने आई ना."

"रोज माप? रोज इंचभर वाढते का काय ती?"

जाहिदानं पदर तोंडाला लावला. आत बाप्या नव्हता, मी डोकावून बघितलं. खाटेवर तुळजाबाई एकटीच, फोन मांडीखाली दाबून, माझ्याकडं बघत बसलेली. नजर खाली नाही, वर नाही. अशी नजर मी ओळखतो. चिठ्ठी खाली दाबलेली असते तेव्हा पोरं अशीच सरळ बघतात.

मी घरी आलो आणि आठ दिवस मूग गिळून बसलो.

शुक्रवारी सकाळी ती देवळात गेली असताना दारात पोलीस आला. तरणाच होता, हातात कागदांचं पाकीट. "तुळजाबाई भ्रतार शेषेराव इथंच राहतात का? पासपोर्टची चौकशी हाय."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, याची मला सवय. "हाव," म्हणलं, "इथंच राहतात. मी त्यांचा नवरा."

"तुम्ही सोबत चाललात का, काका?"

"कुठं?"

तो हसला. "ते मला काय म्हाईत? साक्षीदाराची सही झाली हाय, ते जाहिदा बाईंची. घरी कुणी असलं की बास." त्यानं माझी सही घेतली आणि निघून गेला.

मी बैठकीत बसलो. बायको पासपोर्ट काढून राहिली, हे पोलिसाला माहीत, जाहिदाला माहीत, भागवतला माहीत असणारच. माहीत नव्हतं ते फक्त मला. तिचं नांदेडला जाणं, कानातली वायर, ती भाषा, सगळं एकाला एक लागलं. ही चालली. आरतीकडं चालली आणि परत यायची नाही. पोरगी गेली तेव्हा मी म्हणलं होतं, जाऊ दे. आता बायको गेल्यावर घरात माझ्याशिवाय कोण उरणार, आणि मी काय त्या कात्रणाशी बोलत बसू? मला भीती वाटली. सत्तरीला आलेल्या माणसाला असं सांगायला कसंसंच होतं, पण मला लई भीती वाटली.

दुसऱ्या कुणी सरळ विचारलं असतं. मी धाड टाकायचं ठरवलं.

रविवारी चार वाजता ती भाजी आणायला गंजगोलाईत गेली. ती रिक्षात बसलेली बघितली आणि मी दाराला आतून कडी घातली. कुठलाही कोपरा सोडला नाही. दाराच्या मागं, खिडकीच्या चौकटीत, आरशाच्या पाठीला, चहाच्या डब्यात, उशीच्या खोळीत, देवघरात समईखाली, माझ्या चष्म्याच्या घरात, एवढंच काय, माझ्या छत्रीच्या दांड्याला. सगळ्या सोडवल्या, मागं लाल पेनानं नंबर टाकला आणि जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. बेचाळीस झाल्या.

मग माझं लक्ष फ्रेमकडं गेलं. ती एका बाजूला बोटभर कलली होती. कुणीतरी ती पुन्हा पुन्हा काढून लावल्याशिवाय अशी कलत नाही.

फ्रेम उतरवली. मागं पुठ्ठ्याला त्रेचाळिसावी चिठ्ठी होती. बाकीच्या नव्या कोऱ्या, ही मात्र घड्या पडून मऊ झालेली, कडा काळपट, चिकटपट्टी दोन-तीनदा बदललेली. त्यावर तीन शब्द होते, से मा फोत.

मी ती टेबलावर ठेवली आणि सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघायला लागलो, जसा केंद्रावर बघायचो. काय लिहिलंय हे कळत नसलं की कुणी लिहिलंय हे बघायचं असतं. अक्षर एकाच हाताचं होतं. शिरोरेषा अक्षराअक्षराला तोडलेली. आणि प्रत्येक शब्द संपला की खाली एक टिंब. ओळीच्या शेवटी नाही, शब्दाच्या शेवटी, खाली. असं टिंब कोण देतं? तुळजाबाईचं अक्षर मी कधी बघितलेलं नव्हतं. घरातली किराणा यादीसुद्धा मीच लिहायचो, ती सांगायची. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी बायकोचं अक्षर बघितलं नव्हतं.

पण टिंब मी बघितलं होतं. कुठंतरी नक्की बघितलं होतं.

कपाट उघडलं, फाइल काढली. पानं उलटत गेलो. एकशे सत्तेचाळीस नंबरचं प्रकरण. वर माझ्या हातानं लिहिलेलं, 'आरती शेषेराव, विषय इतिहास, अपराध कबूल'. खाली झेरॉक्स. '१८५७ च्या उठावाची कारणे'. मग एक, दोन, तीन, चार. शिरोरेषा तुटलेली. प्रत्येक शब्दाखाली टिंब.

मी टेबलावरची एक चिठ्ठी झेरॉक्सशेजारी ठेवली. हात एकच.

त्या दिवशी पोरगी निळ्या ड्रेसमधी दुसऱ्या बाकावर होती. मी कंपासपेटी उघडली, कोनमापकाखालून चिठ्ठी काढली, तिच्यासमोर धरली. तिनं चिठ्ठीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, पकडली गेली म्हणून बघतेय. मग ती म्हणली, "माझीच हाय." नियम असा होता की चिठ्ठीचं अक्षर उत्तरपत्रिकेशी जुळवून बघायचं. दोनशे अकरा प्रकरणांत मी जुळवलं. या एकात नाही जुळवलं. पोरीला वाचवायला पळवाट शोधतो असं कुणी म्हणू नये म्हणून नाही जुळवलं.

कडी वाजली. मी दार उघडलं. तुळजाबाईच्या पिशवीतून मेथी आणि चुक्याची जुडी डोकावत होती. तिनं आधी रिकाम्या भिंतीकडं बघितलं, मग टेबलाकडं. पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसली.

"सगळ्या सापडल्या का?" ती म्हणली.

"त्रेचाळीस."

"पंचेचाळीस हायेत."

मी झेरॉक्स तिच्यासमोर सरकवली. तिला चष्मा लावावा लागला नाही.

"हे तुझं अक्षर," मी म्हणलं.

"हाव."

"आरतीला माहीत होतं?"

"न्हाई. आदल्या दिवशी पोरगी दोनदा ओकली. म्हणली, आई, सनावळ्या ध्यानात राहंना, आप्पा इतिहासाचे गुरुजी, मी त्यातच पडले तर काय करतील? मी तिच्या गाईडातून उतरवून काढलं आणि पेटीत सरकवलं. सगळ्या आया तेच करून राहिल्या होत्या. म्हणलं, पेटी उघडल, दिसंल, आठवंल. तिनं पेटी उघडलीच न्हाई. तुम्ही उघडली."

"मग बोलली का नाहीस? त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"बोलणार होते. तिनं शपथ घातली." तुळजाबाईनं झेरॉक्सवरून बोट फिरवलं, टिंबांवरून. "म्हणली, आई, मला घराबाहेर काढलं तर मी शिकून जगीन. तुला काढलं तर तू कुठं जाशील?"

"मी तुला काढलं असतं, असं वाटलं तुम्हा दोघींना?"

"तुम्हीच सांगा."

मी सांगायला तोंड उघडलं. त्या वर्षीचा शेषेराव मला चांगला आठवतो. शाल घेताना त्याची मान किती ताठ होती तेही आठवतं. काढलं असतं. खोटं कशाला बोलू? मी झेरॉक्स पालथी घातली.

ती उठली, मेथी निवडायला घेतली. तिचे हात रिकामे राहिले की तिला बोलता येत नाही. "आरतीला पोरगी हाय, सात वर्षांची. नोएमी नाव. आरती तिकडं दवाखान्यात काम करती, त्या भागात सगळे फ्रेंच बोलतात. पोरीला मराठी येत न्हाई."

"आरतीनं शिकवली नाही?"

"मी विचारलं. म्हणली, आई, मराठी तोंडात आली की ती परीक्षेची खोली आठवती. माझ्याशी बोलती तेवढीच. घरात न्हाई बोलत." तिनं काड्या बाजूला टाकल्या. "मग नातीशी बोलायचं तर मधी आरती पायजे. ही सांगणार, ती सांगणार. लेकराला वाटायचं, आजी म्हणजे फोनमधली मुकी बाई. दीड वर्ष झालं. म्हणलं, आपणच शिकू. कोण शिकवणार? फोनवर त्यांचा रेडिओ लागतो, तो दिवसभर कानात ठेवते. काही कळत न्हाई पहिल्यांदा, नुसता आवाज. मग एखादा शब्द ओळखू येतो. जाहिदाकडं धडे ऐकते. घरात ज्याला हात लावला त्याचं नाव घ्यायचं, म्हणून चिठ्ठ्या."

"तुरीच्या डाळीला कोरी का?"

"तिकडं तूर कोण खातंय? शब्दच सापडंना. आणि तुम्ही तिचा कोपरा कशाला जाळला?"

मी त्रेचाळिसावी चिठ्ठी उचलली. "ही?"

तिचे हात थांबले. "नातीनं एकदा विचारलं, तुम्ही सगळे भेटत का न्हाई? आजोबा का बोलत न्हाईत? सात वर्षांच्या लेकराला काय सांगायचं? मी तेवढं वाक्य शोधून काढलं. से मा फोत. म्हणजे, चूक माझी हाय. पाठ केलं. रोज फ्रेम पुसायची, रोज म्हणून बघायची. पण अजून लेकराला म्हणणं झालं न्हाई."

मी विचारायचं ते शेवटी विचारलं. "पासपोर्ट कशाला काढलास?"

"आरतीला दुसरं व्हायचंय, वैशाखात. बाळंतपणाला आई पायजे म्हणली."

"परत येणार हाईस का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या दुपारी जाहिदाच्या खाटेवरून बघितलं होतं तसं, सरळ. "मला म्हाईत न्हाई," ती म्हणली. "आतापर्यंत वाटायचं, कशाला यावं? आज पहिल्यांदा तुम्ही विचारलं."

साडेसहा वाजले. रविवारी ती या वेळेलाही जाहिदाकडं का जायची हे मला आता कळलं, कारण तिकडं तेव्हा सकाळ असते. आज ती उठली नाही. टेबलावर, चिठ्ठ्यांच्या मधोमध, फोन वाजला. तिनं तो बरणीला टेकवून उभा केला.

एक पोरगी दिसली. कुरळे केस, पुढचा एक दात पडलेला, हातात पावाचा तुकडा. तिच्या मागं स्वयंपाकघर, आणि कडेला कुणाची तरी पाठमोरी बाही, नळाखाली भांडी धुणारी. पाठ मी ओळखली. खांदा डावीकडं थोडा उतरता, लहानपणी दप्तर त्याच खांद्यावर असायचं.

तुळजाबाई बोलायला लागली. मी माझ्या बायकोला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. अडखळत होती, थांबत होती, डब्याकडं बोट दाखवत होती, पोरगी तिला शब्द देत होती, दोघी हसत होत्या. नातीला काही कळलं नाही असं एकदाही झालं नाही. मग पोरीचं लक्ष माझ्या कोपराकडं गेलं असावं. तिनं काहीतरी विचारलं. तुळजाबाईनं फोन माझ्याकडं वळवला.

बाही थांबली. नळ चालूच होता.

नातीला मराठी समजणार नाही आणि जिला समजेल ती वळून बघणार नाही. माझ्या हातात त्रेचाळिसावी चिठ्ठी होती. मी ती तळहातात लपवली, टेबलाच्या कडेखाली धरली आणि नजर खाली करून वाचायला लागलो. दोनशे बारा पोरांना मी याच ढंगात बसलेलं पकडलं होतं. आधी नुसती टिंबंच दिसली, मग एकेक अक्षर.

"से," मी म्हणलं. "मा. फोत."

पोरगी पाव चावायची थांबली. तिनं मान वाकडी करून माझ्या हाताकडं बघितलं, मग खुदकन हसली आणि मागं वळून काहीतरी ओरडून सांगितलं.

"काय म्हणली?" मी विचारलं.

तुळजाबाई हळू आवाजात म्हणली, "म्हणती, आजोबा चिठ्ठीत बघून बोलून राहिलेत."

तिकडं नळ बंद झाला. ती बाही एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

मग आवाज आला. पाठमोराच, पण मराठीत.

"वाचू दे त्यांना."

नोएमीला मराठी येत नाही. म्हणजे ते तिला सांगितलेलं नव्हतं. मी हात टेबलाखालून वर घेतला, चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी उघडी धरली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.